प्लास्टर धरून की सोडून

मधुकर सोनवण्यांना मी सात वर्षांत एकदाही बसलेलं पाहिलं नाही. डबा उभ्यानं, चहा उभ्यानं, रजेचा अर्ज लिहायचा तोही कपाटाला कागद टेकवून उभ्यानं. आमचे मॅनेजर एकदा वैतागून म्हणाले, "अहो सोनवणे, बसून बोला ना. तुमच्याकडे बघून बघून माझी मान दुखायला लागली." सोनवण्यांनी शर्टाच्या खिशातली स्टीलची पट्टी काढली, साहेबांच्या खुर्चीची उंची मोजली आणि अगदी मनापासून सांगितलं, "सर, खुर्ची तीन इंच वर घ्या. मान दुखणार नाही."

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. स्टीलचे डबे करायचा. जेवणाचे, मसाल्याचे, आणि एकात एक बसणाऱ्या सात डब्यांचे संच. पत्रा दाबून त्याचा डबा करणारा जो पोलादी साचा असतो त्याला डाय म्हणतात. त्या डायची ड्रॉइंगं सोनवणे काढायचे आणि मी स्टोअर सांभाळायची. सगळे मला पाटील बाई म्हणत. माझ्या स्टोअरमध्ये ते दिवसातून दहा वेळा यायचे, काहीतरी मोजायचे आणि न सांगता निघून जायचे. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. माणूस समोर सारखा येरझाऱ्या घालायला लागला की आपल्या हातातली बेरीज चुकते.

"क्लिअरन्स किती?" हे त्यांचं पालुपद. एक वस्तू दुसरीत बसवायची तर मध्ये थोडी फट ठेवावी लागते, ती क्लिअरन्स. डायमध्ये ती चुकली की डबा फाटतो. पण सोनवणे ती फट डायपुरती ठेवतील तर शपथ. माझ्या नणंदेचं लग्न ठरल्याचे पेढे दिले, तर पेढा तोंडात टाकून विचारतात, "सासूची खोली आणि यांची खोली. क्लिअरन्स किती?" मी म्हटलं, "खोली एकच आहे." त्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

कंपनीत ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली. त्याच्यासमोर बसावं लागतं ना! दोन दिवस ते त्याच्याभोवती नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी मी कामावर आले तर कॉम्प्युटर लोखंडी कपाटावर चढवलेला, कीबोर्डखाली जुन्या फायलींची थप्पी, आणि सोनवणे उभ्यानं काम करतायत.

हे उभं राहणं कुठून आलं ते त्यांचं घर पाहिलं तेव्हा मला कळलं. उल्हासनगरला, कॅम्प पाचात, एका जुन्या बराकीतल्या अर्ध्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. उरलेली अर्धी मालकाकडे, आणि मध्ये पत्र्याची आडभिंत. पलीकडे मालकीणबाईंनी कढीला फोडणी दिली की अलीकडे ठसका लागायचा. या अर्ध्या खोलीत सोनवणे, वंदना वहिनी, शाळेत जाणारी प्रज्ञा, आक्का, आणि जीन्सचे गठ्ठे.

आक्का म्हणजे सोनवण्यांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले. आक्कानं धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्यात तिचा स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला. आधी ती पापड लाटायची. मग त्या भागात घरोघर जीन्स शिवायला लागले तेव्हापासून ती शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापून द्यायची. रोज सकाळी गठ्ठे यायचे आणि संध्याकाळी जायचे. एखादे दिवशी न्यायला कोणी यायचं नाही, मग ते तिथंच मुक्कामाला. आक्का चांगली उंच बाई, पाच फूट नऊ इंच. हे माप माझं नाही, सोनवण्यांचं. एवढी उंच बाई गठ्ठे आणि कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. त्या खोलीत एकजण बसला की दुसऱ्याला उठावं लागे. सोनवणे लहानपणापासून उठणाऱ्यांतले.

त्यांच्या डोक्यात घराचं खूळ भरलं त्याला थोडीफार मी कारणीभूत आहे. बदलापूरला माझ्या सासऱ्यांच्या शेताचे प्लॉट पाडून झाले होते, आणि दोन प्लॉटच्या मध्ये एक पट्टी तशीच उरली होती. अकरा फूट रुंद, बावीस फूट लांब. कोणी फुकट घेईना. मी आपली डबा खाताना गंमत म्हणून सांगितलं. सोनवण्यांचा घास हातातच राहिला. रविवारी सकाळी दारात हजर!

सासरे त्यांना म्हणाले, "मास्तर, तिथं म्हस बांधली तं तिला वळता बी नाय येनार. तुमी काय र्‍हानार?"

"वळवायची कशाला?" सोनवणे म्हणाले. "पुढच्या दारानं आत घ्यायची, मागच्या दारानं बाहेर काढायची."

सासरे इतके हसले की पट्टी यांचीच झाली.

त्या दिवसापासून कारखान्यात कोणाला चैन म्हणून पडू दिलं नाही. नळाची उंची ठरवायची म्हणून शिपायाला वाकायला लावलं. ओट्यासाठी घरी वहिनींना विटेवर उभं केलं, मग दोन विटांवर, आणि वहिनी पडता पडता वाचल्या. मला विचारलं, "बाई, हात वर केल्यावर तुमचं बोट कुठवर पोचतं?" मी म्हटलं, "तुमच्या कानापर्यंत नक्की पोचेल." ते पट्टीवरचा आकडा बघण्यात इतके दंग होते की त्यांना टोमणा लागलाच नाही. खिडकीसाठी कॅम्प दोनातल्या जुन्या सामानाच्या बाजारात चार रविवार घालवले. तिथल्या सिंधी दुकानदारानं ती एवढीशी खिडकी काढून देताना विचारलं, "साईं, ये किसके लिए? आदमी के लिए या कबूतर के लिए?" सोनवणे म्हणाले, "हवा के लिए. हवा पतली होती है."

घराचा नकाशा त्यांनी डायच्या ड्रॉइंगसारखाच केला. बदल झाला की ड्रॉइंगवर पुढचं अक्षर टाकायची आमच्याकडे पद्धत. रिव्हिजन ए, बी, सी. दिवाळीच्या आत झेड संपला. मग त्यांनी क, ख, ग सुरू केलं. मी चिडवायची, "सोनवणे, बाराखडी संपली तर?" ते म्हणायचे, "तोवर बसेल."

एकदा जेवणाच्या सुट्टीत माल भरायच्या शेडमध्ये त्यांनी खडूनं सगळं घर खऱ्या मापात जमिनीवर काढलं. पोटमाळ्याच्या जागी वंदना आणि प्रज्ञा अशी नावं. मोरीशेजारच्या कोनाड्यासारख्या जागेत एक अरुंद खाट आणि भिंतीला मिटून ठेवता येणारं ड्रॉइंगचं टेबल. तिथं लिहिलं होतं, मी. आम्हाला सगळ्यांना त्या घरात फिरायला लावलं. "ओ, भिंतीतून कुठे चाललात? दारानं या!" मॅनेजर फोनवर बोलत बोलत सरळ मोरीतून चालत गेले, तर हे मागून ओरडले, "सर, कडी तरी वाजवायची!" आम्ही पोट धरधरून हसलो. सोनवणे मात्र हसत नव्हते. खडूच्या त्या "मी"पाशी जाऊन ते थोडा वेळ थांबले. एवढ्या मोठ्या माणसाला कधी स्वतःचा म्हणून एक कोपरा मिळाला नव्हता, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं.

पुढच्याच रविवारी तेच घर त्यांनी बराकीसमोरच्या मोकळ्या जागेत काढलं, घरच्यांना दाखवायला. जागेचे कागद द्यायला मीही गेले होते. लक्ष्मण गवंडी आला होता. जालन्याकडचा, शांत माणूस, कानात बिडी खोचलेली. वहिनी खडूच्या ओट्यापाशी उभ्या राहून खोटी खोटी पोळी लाटत होत्या, प्रज्ञा नसलेल्या जिन्यावरून उड्या मारत होती. आक्का रेघांच्या बाहेर, एका गठ्ठ्यावर बसून कात्रीनं धागे कापत होती. सोनवणे लक्ष्मणला एकेक माप ओरडून सांगत होते.

लक्ष्मणनं विचारलं, "साहेब, ही मापं पिलास्टर धरून का सोडून?"

सोनवण्यांचा अर्धा जीव पुढच्या मापात. "धरून, धरून," ते म्हणाले. "सगळं धरून."

आक्काची कात्री थांबली. मान वर न करता तिनं विचारलं, "आन् मला?"

कोणाला काही कळलंच नाही.

"मला धरून का सोडून, मधू?"

सोनवण्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. "आक्का, तू... तूच म्हणाली होतीस ना. तुझं घर झालं की मी सुटले. गावाला जाईन."

"म्हनले होते," आक्का म्हणाली आणि पुन्हा धागे कापायला लागली.

गावाला काय होतं? पडकी खोली आणि तिला गंजलेलं कुलूप. आपल्याकडे माणसं असं म्हणतात ते कोणीतरी "कुठं जातेस गं, गप बस" म्हणावं म्हणून. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ड्रॉइंगवाल्या माणसाला जे सांगितलं ते माप. आक्का म्हणाली जाईन, यांनी नकाशातून वजा केली. मला त्यांचा इतका संताप आला की कागद वहिनींच्या हातात देऊन मी चहा न घेताच निघाले. वळून पाहिलं तर सोनवणे चपलेनं खडूच्या रेघा पुसत होते.

पुढचे दीड महिने त्या माणसाचं काही खरं नव्हतं. आधी येरझाऱ्या घालायचे, आता धावायलाच लागले. एका डायची मापं चुकवली, जे कधी झालं नव्हतं. अकरा फुटाची पट्टी ती अकरा फूटच. पोटमाळा वाढवावा तर डोकं आपटतं, मोरी कमी करावी तर माणूस मावत नाही, आणि आक्काला शिडी चढवत नाही. "बाई, पाच फूट दहा इंच सरळ जागा पाहिजे फक्त," ते मला म्हणायचे. "तिला एकदा पाय लांब करून झोपू दे. बाकी मला काही नको." मी म्हटलं, "मग आधी नाही का सुचलं?" हे मी बोलायला नको होतं. ते निघून गेले आणि दोन दिवस स्टोअरकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले, नवं ड्रॉइंग माझ्या टेबलावर टाकलं. रिव्हिजन ळ.

"सापडली जागा," म्हणाले.

मोरीशेजारच्या कोनाड्यात खाट होती, तिच्यावर लिहिलं होतं, आक्का. मला इतकं हायसं वाटलं की बाकी ड्रॉइंग मी पाहिलंच नाही.

बदलापुरात नदीच्या पुराचा धसका सगळ्यांनीच घेतला होता, म्हणून जोतं चांगलं दोन फूट वर घेतलं. भिंती उभ्या राहायला लागल्या. आमचं घर पलीकडेच, त्यामुळे मला सगळं दिसायचं. सोनवणे रोज कामावरून सुटल्यावर येऊन प्रत्येक थर मोजायचे. आक्काच्या कोनाड्याचं माप पाच फूट दहा इंच आणि वर दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. विटेपासून विटेपर्यंत ते माप बरोबर भरलं तेव्हा त्यांनी लक्ष्मणच्या पाठीवर थाप मारली. "लक्ष्मण, तू आमच्या कारखान्यात पाहिजे होतास!" आणि लगेच कारखान्यातल्या वेल्डरकडून नळीची खाट करून घेतली. बरोबर पाच फूट दहा इंच. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसणारी, म्हणजे डोक्याकडून पायाकडून काही वाया जायला नको.

मग प्लास्टर झालं.

खाट आणली त्या सकाळी आम्ही सगळे जमलो होतो. आक्काही पहिल्यांदाच आली होती, नवं लुगडं नेसून. खाट कोनाड्याला लावली आणि ती आत जाईना. तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली. सोनवण्यांनी पट्टी लावली, पुन्हा लावली. दोन्ही भिंतींवर पाऊण पाऊण इंच प्लास्टर चढलं होतं. खाट सव्वा इंच मोठी.

"लक्ष्मण, हे काय केलंस? मी तुला धरून म्हणालो होतो!"

"मग धरूनच केलं ना साहेब. वीट ते वीट तुमचं माप. पिलास्टर त्यातच धरलं."

"अरे, धरून म्हणजे प्लास्टर झाल्यावर उरेल ते!"

"त्याला आमी सोडून म्हणतो," लक्ष्मण म्हणाला.

चूक कोणाची म्हणायची? लोखंडाला प्लास्टर नसतं. ज्यानं जन्मभर पोलाद मोजलं, त्याच्या डोक्यात एकदा मोजलेली भिंत पुन्हा जाड होईल हे कुठून येणार? आणि लक्ष्मणनं विचारलं होतं, पण त्याचा उलगडा व्हायच्या आत आक्काचा प्रश्न मध्ये आला होता.

लक्ष्मण म्हणाला, "साहेब, खाट कापा. दीड इंच कापली की बसंल. दोन मिन्टांचं काम."

"काप रे मधू," आक्काही म्हणाली. "मी पाय दुमडून झोपीन. तीस वरसं तशीच तर झोपले."

सोनवणे मला तेव्हा प्रथमच स्थिर दिसले. नजर नुसती भिंतीवर. मग त्यांनी लक्ष्मणच्या पिशवीतली छिन्नी आणि हातोडी काढली, खाटेच्या उंचीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि ते कोरं करकरीत प्लास्टर फोडायला सुरुवात केली. वहिनी "अहो, अहो" करत राहिल्या. लक्ष्मणचा चेहरा उतरला, स्वतःच्या हाताचं काम फुटताना कोणाला बघवतं? पण चार ठोके झाल्यावर तोच पुढे झाला. "द्या इकडं. तुमाला जमायचं नाई, कडा तुटतील." दोन्ही भिंतींवर वीतभर रुंदीचा पट्टा त्यानं सरळ रेघेत विटेपर्यंत मोकळा केला. खाट त्या खाचांमध्ये सरकली आणि खट्‌ करून बसली. दोन्हीकडे एकेक सूत क्लिअरन्स.

"आता पक्कं सांगा साहेब," लक्ष्मण घाम पुसत म्हणाला. "धरून का सोडून?"

"प्लास्टर सोडून," सोनवणे म्हणाले. "आक्का धरून."

आक्का खाटेवर आडवी झाली. आधी सवयीनं गुडघे वर घेतले. मग हळूहळू, भीत भीत, पाय लांब केले. तळवे विटांना टेकले. "विटा गार हायेत," ती म्हणाली. मला रडू आवरेना, मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

गृहप्रवेशाला मी गेले ती त्यांची माझी शेवटची भेट. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नाशिकला गेलो आणि बदलापूर, अंबरनाथ सुटलं ते सुटलंच. रविवारची सकाळ होती. बुद्धवंदना झाली, खीर झाली. आत एका वेळी चौघंच मावायची म्हणून बाकीचे बाहेर रांगेत. सोनवणे प्रत्येक तुकडीला घर दाखवत होते. ही बघा ओट्याखालची शिडी, हे बघा दाराच्या मागचं कपाट. माझी पाळी आली तेव्हा भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ड्रॉइंग दिसलं. रिव्हिजन ळ. वर वंदना, प्रज्ञा. खाली आक्का. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. खडूनं लिहिलेलं ते "मी" कुठेच नव्हतं.

"सोनवणे, तुम्ही कुठे झोपता?"

"मला काय लागतं, बाई? मी उभाच असतो."

"खोटं नका बोलू," वहिनी म्हणाल्या. "दाखवा त्यांना."

ते ओशाळं हसले. मग खाली वाकले आणि बाजूनं आक्काच्या खाटेखाली सरकून आडवे झाले. आतून त्यांचा आवाज यायला लागला. "अठरा इंच उंची आहे. माझं पोट नऊ इंच. म्हणजे नऊ इंच क्लिअरन्स! डायला एवढा दिला तर डाय खुळखुळेल." ते पट्टीनं मोजत होते, पट्टी नळीवर वाजत होती.

वर आक्का मांडी घालून बसली होती, मांडीवर धागे कापायची पँट. "ह्याला काय नवं हाय व्हय?" ती मला म्हणाली. "ल्हानपनी खाटंवर पापड वाळायचे आन् आमी दोघं खाली झोपायचो. हा भिताडाकडून, मी भाईरून. खाट हालून पापड पडू ने म्हून कुशीला बी वळायचा नाई."

खालून पट्टी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. सोनवणे झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेबाहेर आलेला. भर सकाळी, दारात पंचवीस पाहुणे ताटकळत असताना, इतके गाढ झोपले होते की वहिनी कासावीस झाल्या. त्यांना उठवायला त्या वाकल्या, तर आक्कानं हातानंच थांबवलं. मांडीवरची पँट झटकून तिनं खाली वाकून भावाच्या अंगावर टाकली.

"हळू जा," आक्का मला म्हणाली. "पाय ठेवायला जागा हाय ना?"

"आहे," मी म्हटलं. "बक्कळ आहे."

त्यांचा हात ओलांडून मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. कोणीतरी विचारलं, काय झालं? मी तोंडावर बोट ठेवलं. आणि मग आम्ही सगळ्यांनी, मॅनेजरांनीसुद्धा, रस्त्यावर उभ्याउभ्यानंच खीर खाल्ली.